ट्रेसिंग क्लॉथवरची बाई

"मी कशी दिसायचे हो तेव्हा?" शालनबाईंनी विचारलं, आणि बाबुरावांच्या हातातली चहाची बशी ओठांपर्यंत पोचलीच नाही.

प्रश्न काही अवघड नव्हता. सत्तेचाळीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला तिच्याबद्दलचा एवढा एक प्रश्न नवऱ्याला यायला हवा. निमित्त नातीचं होतं. दीप्तीचं लग्न डिसेंबरात ठरलेलं, आणि हॉलच्या दाराशी म्हणे दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे तरुणपणचे फोटो लावायचे. हल्लीच्या लग्नांना काय काय लागतं ते विचारू नये. मुलाच्या घरून चार फोटो येऊनही पडले. त्यातल्या एकात त्याची आजी कुठल्याशा स्टुडिओत रंगवलेल्या धबधब्यापुढे गालाला हात लावून उभी होती. इकडून मात्र सगळा आनंद. बाबुरावांचा निदान कारखान्याच्या ओळखपत्रावर पोस्टाच्या तिकिटाएवढा चेहरा शिल्लक होता. शालनबाईंचा तेवढाही नाही. लग्नातले सहा आणि माहेरचा एक असे सात फोटो एका पत्र्याच्या पेटीत होते, आणि ती पेटी दोन हजार पाचच्या जुलैत आंबिवलीच्या घरात दोन दिवस पुराच्या पाण्याखाली होती. उघडली तेव्हा साती फोटोंची मिळून एक वडी झालेली.

"माझ्या जागी एखादी कुंडी ठेव," शालनबाई नातीला म्हणाल्या.

"आजी, कुंडी काय! सीरियसली बोल ना."

"मग काय करू? पुरानं नेलं ते परत आणून देऊ?"

दीप्ती हिरमुसून गेली, आणि मग हा प्रश्न आला. बाबुरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोर शालनबाई दिसत होत्या. चष्मा, पांढरे केस, हनुवटीखालची सैल कातडी. त्या चेहऱ्याच्या मागे जायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि मागे काहीच नव्हतं. नुसता उजेड.

"चांगली दिसायचीस," ते म्हणाले.

"चांगली म्हणजे?"

"म्हणजे... चांगली."

"चांगला तर भोपळाही असतो," शालनबाई म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. रागावल्या नव्हत्या. पण पुन्हा विचारलं नाही, आणि बाबुरावांना ते जास्त लागलं. आपण विसरलो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि गंमत बघा, जगात हा चेहरा रेघ न् रेघ पाठ असलेला एक माणूस एके काळी होता, आणि तो तेच होते.

मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात बाबुराव एकोणीसशे सत्तर साली ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे काय हे आता कुणाला ठाऊक नसतं. इंजिनियर विचार करायचा, ड्राफ्ट्समन तो पेन्सिलीनं कागदावर उतरवायचा, आणि त्या कागदावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून ट्रेसर सगळं शाईत गिरवायचा. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ देऊन गुळगुळीत केलेलं तलम सुती कापड. निळसर, आरपार दिसणारं. त्यावर आधी खडूची भुकटी चोळायची म्हणजे शाई धरते. रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडायची, पण अशी की कापडाला कळता कामा नये. ट्रेसरनं डोकं चालवायचं नाही. खाली आहे ते वर आणायचं. कमी नाही, जास्त नाही.

बाबुराव ह्या कामासाठीच जन्माला आल्यासारखे होते. मुरबाडकडचं खेडं, वडील रस्त्याच्या कामावर, घरात शिकलेलं कुणी नाही. आयटीआयचा दाखला घेऊन आलेला हा पोरगा बोलायचा कमी, पण हातात पेन आलं की चार फूट लांबीची रेघ एका श्वासात ओढायचा. चीफ ड्राफ्ट्समन श्रीपाद साहेब डोंबिवलीहून यायचे. कुणाचं कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. तेही एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाबुराव, रेघ ओढताना तुम्ही मधे श्वास घेता की नाही?"

शहात्तर साली साहेबांचा पाय मोडला. तीन आठवडे घरी. तपासायची ड्रॉइंगं गुंडाळून बाबुराव डोंबिवलीला घेऊन जायचे. साहेब पलंगावर पाय लांब करून एकेक माप बघत बसायचे, तासनतास, आणि बाबुराव खुर्चीच्या टोकावर. साहेबांची बायको सुमतीबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. नुसतं बसून राहिलेलं माणूस त्यांना बघवायचं नाही. एक दिवस वह्या तपासता तपासता त्या म्हणाल्या, "अहो बाबुराव, असे परीक्षेला बसल्यासारखे काय बसलात? गोष्ट सांगते, ऐका. नववीच्या वर्गाला आज हीच सांगितली."

आणि त्यांनी ग्रीकांची गोष्ट सांगितली. क्रीट नावाचं बेट. तिथल्या राजानं जमिनीखाली भुलभुलैया बांधून घेतलेला, आणि त्यात माणसं खाणारा एक प्राणी, अर्धा बैल, अर्धा माणूस. थीसियस नावाचा तरुण त्याला मारायला आला. मारणं एक वेळ जमलं असतं, पण बाहेर कसं येणार? तेव्हा राजाची मुलगी अरिआदनी, तिनं त्याच्या हातात सूत दिलं. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आत जा, काम कर, आणि सुतावरून परत ये. ती दारात सूत धरून उभी राहिली.

"आला का परत?" बाबुरावांनी विचारलं.

"आला तर."

"मग लग्न झालं?"

"कुठलं! तिला बोटीत घालून निघाला, आणि वाटेत एका बेटावर ती झोपलेली असताना तिथंच सोडून गेला."

"का?"

"कुणी म्हणतं देवाचा हुकूम होता. कुणी म्हणतं, विसरला."

"विसरला?" बाबुरावांचा विश्वास बसेना. "माणूस कसा विसरेल?"

"विसरतात हो पुरुष. ह्यांचा पाय धड होता तेव्हा रोज कोथिंबीर आणायला सांगत होते, आणि रोज..."

"मला ऐकू येतंय," पलंगावरून साहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात वाइंडिंग खात्यात नवी मशिनं बसवायची होती आणि जागेचं माप घ्यायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून बाबुरावांना पाठवलं. तिथं बायका रेयॉनचं सूत कोनवर गुंडाळायच्या. कोन म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखी निमुळती पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर सूत चढत जातं. माप घ्यायला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. जवळ एक मुलगी उभी होती.

"जरा हे टोक धरता?"

"धरते. पण तेवढ्यात माझं सूत तुटलं तर मुकादमाला तुम्ही सांगायचं."

"सांगेन."

"कोण म्हणून सांगाल? तुम्ही कुठले?"

"ड्रॉइंग ऑफिस."

"तिथं काय करतात?"

"रेघा मारतात."

"त्याचा पगार मिळतो?" मुलीनं विचारलं. बाबुराव टेप उलगडत खात्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि वळून बघितलं. लांबवर दारापाशी ती उभी. एका हातात टेपचं टोक, दुसऱ्या हातात कोन, कारण तो खाली ठेवायची सवड मिळाली नव्हती. बाबुरावांनी ते माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा एकच आलं.

तिचं नाव शालन, राहणारी आंबिवलीची, हे त्यांना नंतर कळलं. चित्र त्याआधीच सुरू झालं होतं. ट्रेसिंग क्लॉथचा एक उरलेला तुकडा, ऑफिसची शाई, आणि पाच वाजल्यानंतरचे अकरा दिवस. भुलभुलैया त्यांनी वरून बघितल्यासारखा काढला, पाइपलाइनचा नकाशा काढतात तसा, कुठली भिंत कुठे वळते ते बोट फिरवून बघता यावं इतका चोख. थीसियस पाठमोरा. पुरुषाचं तोंड काढण्यात त्यांना काही रस नव्हता. आणि दारात अरिआदनी, एका हातात सुताचं टोक, दुसऱ्या हातात कोन. आयुष्यात पहिल्यांदा खाली पेन्सिलीची रेघ नसताना ह्या माणसानं शाईनं काही काढलं होतं. मग चूक केली. ट्रेसरच करील अशी. सवयीनं भोवती चौकट आखली आणि उजव्या कोपऱ्यात ड्रॉइंगाचं नाव लिहायचा रकाना. त्यात सुबक इंग्रजी अक्षरांत, मशिनच्या पूर्ण मांडणीवर लिहितात तसं: अरिआदनी, जनरल अरेंजमेंट.

रकाना असलेलं कापड टेबलावर दिसलं की ते छापायचं, एवढंच धाकूला माहीत. धाकू अमोनिया प्रिंटचं, म्हणजे ड्रॉइंगांच्या कागदी प्रती काढायचं, मशिन चालवायचा. त्यानं सकाळच्या गठ्ठ्याबरोबर हेही मशिनमधून काढलं, दोन प्रती, आणि एक वर्कशॉपला धाडून दिली. अर्ध्या तासात फोरमनचा फोन.

"ही बाई कुठल्या मशिनवर बसवायची आहे?"

ड्रॉइंग ऑफिस आठवडाभर हसत होतं. श्रीपाद साहेब नुकतेच काठी टेकत कामावर आले होते. त्यांनी बाबुरावांना केबिनमध्ये बोलावलं, कापड उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"गोष्टीत सुताचा गोळा आहे, बाबुराव. आमच्या हिनं सांगितलं नाही?"

"सांगितलं, साहेब. पण गोळा सुटताना उड्या मारतो. गुंततो. कोनवरून सूत सरळ येतं."

"हं." साहेबांनी पुन्हा बघितलं. "वाइंडिंगमधली ना ही?"

बाबुराव फरशीकडे बघत राहिले.

"कापड घेऊन जा, नाहीतर रजिस्टरला नंबर पडायचा. आणि उरलेली प्रिंट मी नेतो. हिची गोष्टीची फी."

पुढच्या वर्षी लग्न झालं. कसं जमलं ते पाल्हाळ लावून सांगण्यात अर्थ नाही. बाबुरावांनी तिच्या भावाला कॅन्टीनमध्ये गाठलं आणि एका दमात विचारून टाकलं, एवढं पुरे. चित्राबद्दल मात्र शालनला काहीच सांगितलं नाही. ऑफिसच्या खणात ते गुंडाळून ठेवलेलं. कधीतरी चांगल्या दिवशी दाखवू, असं ठरवणारी माणसं असतात. त्यांच्या चांगल्या दिवसाचा मुहूर्त कधी लागत नाही.

बाबुरावांचा लागला, शालनला आठवा महिना चालू असताना. इथं ड्रॉइंग ऑफिसातल्या घरांची एक रीत सांगायला हवी. रद्द झालेली ड्रॉइंगं माणसं घरी न्यायची. ट्रेसिंग क्लॉथ सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं की खळ निघून जाते, खळीबरोबर शाईही, आणि हातात उरतं पांढरंशुभ्र मऊ कापड. बाजारात तसलं परवडलं नसतं. मोहन्यातल्या कितीतरी पोरांची झबली-टोपरी अशी बॉयलरच्या आणि पंपांच्या ड्रॉइंगांतून निघाली. एखादी रेघ हट्टानं राहायची. एका ड्राफ्ट्समनच्या मुलाच्या पाठीवर दोन वर्षं व्हॉल्व्ह होता.

बाळाच्या तयारीसाठी बाबुरावांनी आठ-दहा रद्द कापडं आणली. त्याच गुंडाळीत, सगळ्यांत आत, आपलं चित्र ठेवलं. संध्याकाळी निवांत उलगडून दाखवायचं. पण त्या दिवशी कारखान्यात काहीतरी अडलं, माणूस बोलवायला आला, आणि ते गुंडाळी कोपऱ्यात उभी करून गेले. परतले दुसऱ्या दिवशी दुपारी. दारातल्या दोरीवर कापडं वाळत होती, एका रांगेत, वाऱ्यावर हलत, सगळी सारखी पांढरी. त्यातलं आपलं कोणतं तेही ओळखू येईना.

शालन पोट सावरत दारात आली. तोंडभर हसत होती. "बघा तरी! एक तर इतकं मऊ निघालं ना, बाकीची त्याच्यापुढे गोणपाट. त्याचं दुपटं करते."

बाबुरावांनी दोरीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "छान निघालंय," ते म्हणाले.

आणि तेवढ्यावर सेहेचाळीस वर्षं गेली. आधी बाळंतपण जवळ आलं म्हणून बोलले नाहीत, मग राजरत्न झाला म्हणून, मग इतके दिवस बोललो नाही तर आता कसं बोलणार म्हणून. चित्र धुतलं गेलं तरी चेहरा समोर वावरत होता. त्यामुळे गेलं असं कधी वाटलंच नाही. तो रोज थोडाथोडा बदलत गेला, आणि नवा दिसला की जुना पुसला जातो, हे त्या प्रश्नापर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

मग त्यांना साहेबांनी नेलेली प्रिंट आठवली.

श्रीपाद साहेब जाऊन बारा वर्षं झाली होती. सुमतीबाईंचा नंबर नव्हता, पत्ता पाठ होता. आता विठ्ठलवाडीला राहणारे बाबुराव डोंबिवलीला गेले तर बिल्डिंगच्या दाराला रिडेव्हलपमेंटचा बोर्ड, जिन्यात खोकी, आणि दुसऱ्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या सुमतीबाई दोरीनं पुस्तकांचे गठ्ठे बांधत बसलेल्या.

"बाबुराव? अजून आहात तुम्ही! बरं झालं. ह्या गाठीवर बोट ठेवा."

बाबुरावांनी बोट ठेवलं. गाठ बसली. मग त्यांनी चाचरत विषय काढला. सुमतीबाईंनी अर्ध्यातच थांबवलं.

"अरिआदनी ना? वा! टाकली असं वाटलं की काय? ती काय समोर आहे. ह्यांनी त्याच वर्षी फ्रेम करून आणली. तेव्हापासून हलली नाही."

बाबुरावांनी वळून बघितलं. भिंतीवर फ्रेम होती. समोर गॅलरी, गॅलरीतून ऊन. अमोनिया प्रिंटला उजेड सोसत नाही, हे ड्रॉइंग ऑफिसातलं शेंबडं पोरही सांगेल. साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. बायकोला आवडलेली वस्तू अंधारात गुंडाळून ठेवायची कशी, म्हणून त्यांनी ती टांगली असणार. बाबुराव जवळ गेले. काचेआड बिस्किटाच्या रंगाचा कागद होता. कडेला चौकट दिसत होती. भुलभुलैयाच्या जाड भिंती दिसत होत्या, कोन दिसत होता, साडीचा काठ, पाठमोऱ्या माणसाचा खांदा. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

"कशी बघते बघा," सुमतीबाई मागून म्हणाल्या. "ह्यांना म्हणायचे मी, ही मुलगी आता काहीतरी बोलणार. मोठी फटकळ दिसते."

"वहिनी, तुम्हाला दिसते?"

"न दिसायला काय झालं? मोतीबिंदू काढलेत दोन्ही." त्यांनी चष्मा वर केला, जवळ आल्या, नाक काचेला लागेपर्यंत वाकल्या. "अरे," त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या. "अहो, काल तर होती."

काल नव्हती. बहुधा वीस वर्षं नव्हती. रोज बघून बघून पाठ झालेलं त्यांना दिसत होतं. बाबुरावांना त्यांचा क्षणभर हेवा वाटला. "घेऊन जा," सुमतीबाई फ्रेम उतरवत म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुम्हाला लागेल. आणि कशी होती ते मला विचारू नका. मी सांगितलं तर ते माझं होईल."

फ्रेमचा खिळा भिंतीतच राहिला. फ्रेम त्यांनी जुन्या साडीत गुंडाळून दिली आणि जिन्याच्या कठड्यापर्यंत आल्या. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं तेवढं करणं म्हणजे पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी शालनबाई कारखान्याच्या जुन्या कामगारांच्या संघटनेच्या बैठकीला गेल्या तशी बाबुरावांनी खिडकीजवळ टेबल ओढलं. कल्याणला तीन दुकानं फिरून ट्रेसिंग पेपर आणि शाई मिळाली होती. कापड आता मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, आता हे सगळं कम्प्युटरवर होतं," जणू काकांना ते ठाऊक नव्हतं. जुनं पेन घासून चकचकीत केलेलं. प्रिंटवर कागद ताणला, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. हात थरथरत होता. पण करंगळी टेकवून श्वास धरला की तेवढ्यापुरता थांबायचा, म्हणून पूर्वी हातभर ओढायचे ती रेघ आता बोटभर, बोटभर जोडत नेली. भिंती झाल्या. कोन झाला. खांदा झाला. अंधुक रेघ दिसते तिथं काम सोपं असतं. अडीच तासांनी ते चेहऱ्यापाशी आले आणि पेन हातात धरून नुसते बसले.

"हे काय मांडलंय?" शालनबाई दारातच होत्या. बैठक लवकर आटोपली होती.

"चित्र आहे."

"ते दिसतंय. कुणाचं?"

बाबुरावांनी पेन खाली ठेवलं. "तुझं."

शालनबाई टेबलाशी आल्या आणि त्या कोऱ्या गोलाकडे बघितलं. "इथं तर कुणीच नाही."

मग बाबुरावांनी सांगितलं. टेप, कोन, अकरा संध्याकाळी, धाकूची प्रिंट, गुंडाळी, दोरी. आयुष्यात एका वेळी इतकं ते बोलले नव्हते. शालनबाई उभ्याच राहिल्या.

"म्हणजे मी मलाच धुतलं?"

"हो."

"सोड्यात?"

"हो."

"आणि पिळलं?"

"पिळलं असशील."

"ते दुपटं झालं ना?" शालनबाईंनी टेबलाचा कोपरा धरला. "तुमचा लेक रोज माझ्या तोंडावर मुतत होता, आणि तुम्ही बघत होता?"

"खळीबरोबर शाई जाते. तोंड राहिलं नव्हतं त्यावर."

"सेहेचाळीस वर्षं!" आता त्या खरंच रागावल्या. "सेहेचाळीस वर्षं हे पोटात ठेवलं तुम्ही? सांगायला काय झालं होतं? मी खाल्लं असतं तुम्हाला?"

"तुला आठवा चालू होता."

"आठवा काय सेहेचाळीस वर्षं चालतो?"

शालनबाईंनी पदरानं मानेवरचा घाम टिपला, पुन्हा चित्राकडे बघितलं. आवाज खाली आला. "बाकी सगळं काढलंत. मग आता हेही काढा की. अडलं कुठे?"

हे उत्तर द्यायला दोरीवरच्या कापडांच्या गोष्टीपेक्षाही जड होतं. "आठवत नाही," बाबुराव म्हणाले. "तू त्या दिवशी विचारलंस ना, तेव्हापासून शोधतोय. तुझा तेव्हाचा चेहरा मला आठवत नाही, शालन. म्हणून डोंबिवलीला गेलो."

शालनबाईंना राग येईल, रडू येईल, असं त्यांना वाटलं होतं. दोन्ही झालं नाही. त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीसमोर ठेवली आणि बसल्या.

"मग आत्ताचा काढा."

"दीप्तीला तरुणपणचा हवाय."

"दीप्तीला विचारलंय कुणी? काढा."

बाबुरावांनी पेन शाईत बुडवलं. दिसतं ते काढायचं, एवढंच त्यांना येत होतं, आणि आज खाली प्रिंट नव्हती, समोर माणूस होतं. त्यांनी कपाळ काढलं. चष्म्याची कड काढली. गालावरच्या सुरकुत्या, एकही न सोडता.

"एवढ्या कशाला?" शालनबाईंनी मान लांब करून बघितलं.

"आहेत तेवढ्याच. हलू नको."

"पाठ दुखते माझी."

"थोडा वेळ."

"किती थोडा?" शालनबाईंनी विचारलं, आणि त्यांची उजवी भुवई वर गेली. डावी जागेवरच. बाबुरावांचं पेन त्या भुवईवर होतं. ते थांबलं नाही. बाहेरून आत, वर जाऊन किंचित तुटणारी ती रेघ त्यांनी विचार न करता ओढली, आणि ओढता ओढता त्यांच्या हाताला कळलं की ही आपण पूर्वी ओढली आहे. हीच. खात्याच्या पार टोकाला टेप धरून एक मुलगी उभी होती, आणि माप तिसऱ्यांदा घेतोय हे लक्षात आल्यावर तिची उजवी भुवई अशीच वर गेली होती.

"आठवलं," ते म्हणाले.

"काय?"

"तू. रागावली होतीस. भुवई अशी. ओठ मिटलेले, पण हसू दाबल्यासारखे. आणि केसांवर सगळं सूत उडालेलं, रेयॉनचं. मागून उजेड येत होता. केस पांढरेशुभ्र दिसत होते."

शालनबाईंचा हात आपोआप केसांकडे गेला. "म्हणजे आत्तासारखे?"

"हो, असेच."

त्यांनी उठून टेबलावर वाकून बघितलं. दारात उभी असलेली बाई सत्तरीची होती, चष्मा लावलेली, हातात कोन धरलेली, आणि तिची भुवई वर होती. शालनबाईंनी बराच वेळ बघितलं, मग पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको," बाबुराव म्हणाले. "शाई ओली आहे. धूळ बसेल."

दोघं तशीच बसली, उकाड्यात, शाई वाळायची वाट बघत.

"आणखी काय होतं?" शालनबाईंनी थोड्या वेळानं विचारलं. "साडी कुठली होती?"

"निळी."

"माझ्याकडे निळी साडी नव्हतीच कधी."

"होती," बाबुराव म्हणाले, आणि लग्नाच्या सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. "काठाला पांढरी रेघ. पदर कमरेला खोचलेला. निळीच होती."